पापडाच्या डब्यातला निबंध : बेळगावजवळच्या एका घरानं ब्रेल शिकण्याचं प्रकरण

आजींनी पापडाचा डबा उघडला. तळाशी जाड, पिवळट कागद घातला होता, पापडांना ओल लागू नये म्हणून. कागदावर टिपके उठलेले होते आणि त्यातले बरेचसे चेपून गेले होते.

"नातीच्या शाळेतले हाईत," आजी म्हणाल्या. "दर सुट्टीला गठ्ठा घेऊन येतंय पोर. टाकवत न्हाई, मग वापरतो असं."

मी त्या घरी गेले होते ते दिव्यांग ओळखपत्राच्या कामासाठी. चहा झाला, पापड भाजायचे म्हणून डबा निघाला आणि तो कागद माझ्या हातात आला. पुढं जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अंध मुलांच्या घरी जाता-येता मला नेहमी एकच प्रश्न पडतो. मूल वाचायला शिकतं, पण त्यानं लिहिलेलं वाचणारं घरात कोण असतं?

घरातल्या कुणाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. बेळगावच्या पश्चिमेला भाताची शेतं आहेत, त्या पट्ट्यातलं ते गाव. जिला दिसत नाही ती धाकटी. तिची मोठी बहीण अक्का. घरात तिला तसंच म्हणतात. लिहिण्याआधी चौघांची परवानगी घेतली आहे. धाकटीची सगळ्यात शेवटी घेतली आणि ती आधी घ्यायला हवी होती. त्याबद्दल पुढं येईलच.

घर

धाकटी सातव्या महिन्यात जन्मली, महिनाभर काचेच्या पेटीत होती. अशा कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. दोष वेळेत दिसला तर लेझरनं तो बहुतेक वेळा आवरता येतो. तिची तपासणी झाली नाही, आणि करायची असते हेही घरच्यांना कुणी सांगितलं नाही. आज तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

सहाव्या वर्षी तिला शहरातल्या निवासी शाळेत घातलं. शाळा कन्नड माध्यमाची. घर मात्र पुरतं मराठी. वडील उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे साचे बनवायचं काम. दहावी झालेले, कन्नड पाट्या वाचण्यापुरतं कन्नड येतं. आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आता शेतात आणि घरात. अक्का मी गेले तेव्हा नववीत, मराठी माध्यमात. आजींना अक्षरओळख नाही, पण त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळं कन्नड त्यांच्या तोंडात मराठीइतकंच खेळतं.

धाकटी वर्षातून दोनदा घरी यायची, दसऱ्याच्या सुट्टीत आणि एप्रिल-मे महिन्यांत. मी गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, पाचवी संपवून आलेली. शाळेत तिचा नंबर वरचा. पण घरात तिचं शिक्षण म्हणजे नेमकं काय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "टोचतंय कागदावर दिवसभर," आई म्हणाली.

वाचणारी एक, समजणारी दुसरी

मी ब्रेल डोळ्यांनी वाचते. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. ब्रेल बोटांनीच वाचायची असते आणि ती शिकायला वर्षानुवर्षं लागतात, असा समज पक्का आहे. बोटांनी वाचायला सराव लागतो हे खरं, लहानपणापासून केलेला तर फारच बरा. पण दिसणाऱ्या माणसानं टिपक्यांच्या जागा डोळ्यांनी ओळखायच्या आहेत. ज्याला कुठलीही एक लिपी येते त्याला हे काही आठवड्यांत जमतं.

मी शिकले ती मराठी ब्रेल. कन्नड मला बोलता येतं ते भाजी घेण्यापुरतं, वाचता येत नाही. तरी त्या डब्यातला कागद मी उजेडाकडं तिरपा धरला आणि टिपके वाचू लागले. शब्दांचा अर्थ मला लागत नव्हता, पण उच्चार होत होता : "नन्न अक्क... ननगे जडे हाकुत्ताळे..."

आजींचा हात थांबला. "अगे, हे आमच्या अक्कावर लिवलंय की! वेणी घालती म्हणून लिवलंय!"

मी पुढं वाचत गेले, आजी सांगत गेल्या. अक्का वेणी घालते. अक्का रताळी भाजून देते. अक्काच्या हाताला साबणाचा वास येतो. मी अर्थ न कळता वाचत होते आणि जिला एक अक्षर वाचता येत नाही ती अर्थ सांगत होती. दोघींचं मिळून एक वाचक झालं. कागदाच्या कडेला भोक पडलं होतं, तिथं दोन शब्द गेले होते. अक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यावरचा निबंध किती दिवस पापडाखाली पडून होता, कोण जाणे.

कन्नड न येता मी कन्नड कशी वाचली, हा या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा जागांचं घर. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. कुठल्या जागांवर टिपका उठला त्यावरून अक्षर ठरतं. आपल्याकडं पूर्वी निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ठेवण ठरली, ती भारती ब्रेल. तिचा नियम असा की ध्वनी एक तर टिपके एक. क म्हणजे १-३, मग तो मराठीतला असो, कन्नडातला असो की बंगालीतला. म म्हणजे १-३-४. ळ म्हणजे ४-५-६, आणि हा ळ आपला आणि कन्नडचा दोघांचाही. दोन्ही भाषांची वर्णमाला एकाच क्रमानं चालते, त्यामुळं जवळजवळ सगळी अक्षरं जुळतात.

ज्या जिल्ह्यात दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून वाद पेटतात, तिथं अंध मुलांच्या हाताखाली दोन्ही भाषांची एकच लिपी आहे, सत्तर वर्षांहून जास्त काळ. आणि हे तिथल्या घरांना माहीत नाही. या घराला तर नव्हतंच. "ते कन्नड शाळेचं, आम्हाला काय कळायचं त्यात," असं म्हणून पाच वर्षं ते कागद बाजूला ठेवले गेले होते.

धाकटीलाही माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, "मराठीत लिही बघू, माझी अक्का."

"मला मराठी लिहायला येत नाही, बाई."

"बोलतेस तसं टोच."

तिनं ब्रेलच्या पाटीत, म्हणजे टिपके टोचायच्या खाचांच्या चौकटीत, कागद अडकवला आणि टोचलं. कागद काढून तिनं स्वतःच बोट फिरवलं. 'माजी अक्का.' झ कन्नडात आहे, पण रोजच्या शब्दांत तो क्वचितच येतो, म्हणून तिनं ज घेतला होता. मी झ ची आठवण करून दिली, ३-५-६. तिनं दुरुस्त केलं, परत बोट फिरवलं, आणि बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला आधीपासून येत होतं?"

फोन बोलतो, मग टिपके कशाला

ब्रेल घरानंही शिकावी, असं मी म्हटलं तेव्हा वडिलांनी सरळ विचारलं, "बाई, फोन बोलतोय की सगळं. मराठी बोलतोय, कन्नड बोलतोय. आता हे शिकून काय करायचं?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकू नये. बोलणाऱ्या फोननं अंध माणसांचं आयुष्य खरोखर बदललं आहे. धाकटी मोठी होईल तशी फोनवरच जास्त वाचेल, यात मला शंका नाही. पण फोन वाचून दाखवतो तेव्हा शब्द कानावरून निघून जातो, तो कसा लिहिलाय हे कळत नाही. पाणी मधला ण आणि मनी मधला न वेगळे आहेत हे ऐकून कळतं, पण लिहिताना हात कुठं जाईल हे वाचूनच ठरतं. स्वतःचं आडनाव कसं लिहितात हे धाकटीला अकराव्या वर्षी ठाऊक नव्हतं. आणि दुसरं असं की निवासी शाळेतल्या मुलीजवळ फोन नसतो. तो कार्यालयात असतो, घरचा फोन आला की बोलावतात, स्पीकर लावतात. तिथं मूल घरी काय सांगणार? जेवले, झोपले, अभ्यास चाललाय.

आईचं म्हणणं वेगळं होतं. तिला वाटत होतं की आपल्याला जमणार नाही, सातवीची शाळा सोडून वीस वर्षं झाली. आणि मग हळूच म्हणाली, "आम्ही पण टिपके शिकलो तर... म्हंजे तिचं डोळं आता येणारच न्हाईत असं झालं न्हवं?"

यावर माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, आजही नाही. पण अनेक घरांत ब्रेल न शिकण्यामागं हेच असतं, असं मला वाटतं. आळस नसतो, नावड नसते. शाळेनं शिकवलं तर तो शाळेचा इलाज. आईनं शिकलं तर तो घराचा कबुलीजबाब. दर वर्षी कुठल्या तरी डॉक्टरकडं, कुठल्या तरी देवाला घेऊन जाणाऱ्या घराला तो द्यायचा नसतो.

बहिऱ्या मुलांच्या घरीही असंच पाहिलं आहे. जवळच्याच गावातला एक मुलगा, शाळेत त्याला कन्नडातून ओठ वाचायला शिकवत होते, घरात सगळ्यांचे ओठ मराठीत हलत होते. त्यात ओठांवर प, ब, म हे वेगळे दिसतच नाहीत. आरशासमोर उभं राहून आवाज न करता अप्पा आणि अम्मा म्हणून बघा, किंवा मराठीत बाबा आणि मामा. भारतीय सांकेतिक भाषा ना कन्नड आहे ना मराठी. तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेनं २०२१ मध्ये काढलेल्या तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत. ती भाषा शिकली असती तर त्या मुलाच्या घराला दोन भाषांच्या मधल्या फटीत पडावंच लागलं नसतं. पण हातवारे केले की मूल बोलायचं विसरेल, या भीतीनं त्या घरानं ती दारातच अडवली. तो मुलगा आज सोळा वर्षांचा आहे आणि घरातल्यांशी त्याचं बोलणं जेवण, पैसे आणि कपडे यांपलीकडं जात नाही. त्या घरात मला काही करता आलं नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की अंध आणि बहिऱ्या मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि पद्धतीनं शिकवावं, ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमावेत. हे शाळेचं झालं. धाकटीच्या घरात मात्र पाच वर्षांत कुणी येऊन म्हटलं नव्हतं की वहिनी, बसा, तुम्हालाही शिकवते. मीही तोवर कुठल्या घराला असं म्हटलं नव्हतं.

सात आठवडे

मी दर रविवारी जात राहिले. शिवजयंतीचा रविवार तेवढा चुकला. आपल्याकडं ती वैशाखात तिथीनं होते, अख्खं गाव चित्ररथाच्या तयारीत होतं.

पहिल्या दिवशी अंड्याच्या ट्रेचा सहा खड्ड्यांचा तुकडा कापला आणि चिंचोके घेतले. खड्डा म्हणजे जागा, चिंचोका म्हणजे टिपका. अक्कानं तासाभरात तिचं नाव लावून दाखवलं. तिला इंग्रजी ब्रेल आणि आपली ब्रेल यांतला धागाही लवकर सापडला. इंग्रजीतला के तोच आपला क, बी तोच ब, एल तोच ल. पंधरा दिवसांत ती टिकल्या चिकटवून स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं लावत होती.

आईचं वेगळं होतं. तिला वेळ मिळायचा तो रात्री भांडी झाल्यावर. तिला एक गोष्ट मात्र फार आवडली. ब्रेलमध्ये वेगळ्या काना-मात्रा नाहीत, अक्षरामागं स्वराचंच घर येतं आणि तेही बोलण्याच्या क्रमानं. छापील कि मध्ये वेलांटी आधी काढतात आणि उच्चार नंतर होतो, तसा उलटा कारभार इथं नाही. क, मग इ. "हे बरं हाय की," ती म्हणाली, "शाळेत मला वेलांटीनंच रडवलं होतं." जोडाक्षराला मात्र ती अडखळायची. तिथं मोडक्या पायाची खूण, म्हणजे फक्त ४ हा टिपका, अक्षरांच्या आधी येते. अक्का लिहायचं तर अ, मग ४, मग क, क, आ. आणि ण नं सगळ्यांना छळलं. ण म्हणजे ३-४-५-६, आणि पुढं आकडे येणार आहेत हे सांगणारी खूणही हीच. आई पाणी वाचायची ती, "पा... आणि मग कायतरी आकडा." मराठीत पाणी, आणि, कोण, म्हणून, दर ओळीला ण येतोच. शेवटी धाकटीनंच तिला युक्ती दिली : शब्दाच्या मधे असला तर ण, मोकळ्या जागेनंतर सुरुवातीला आला तर आकडा समज, कारण ण नं सुरू होणारा शब्द आपल्याकडं सापडणं मुश्किल.

त्या घरात मी पाहिलेला सगळ्यात मोठा बदल हा होता. पाच वर्षं जिला सगळे सगळं करून देत होते ती आता आईला शिकवत होती. आणि ती कडक होती! चुकलं की पुसायला लावायची नाही, नवीन कागदावर परत पहिल्यापासून.

आजींनी डोळ्यांनी प्रयत्न केला नाही. मोतीबिंदू काढलेला, जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी बोट पुढं केलं. आजी हा एकच शब्द त्या बोटानं ओळखायला शिकल्या, आ, ज, ई, तीन घरं. "साबुदाण्यावरनं हात फिरवल्यासारखं," असं म्हणाल्या. जन्मात वाचलेला त्यांचा हा पहिला शब्द.

वडील बसले नाहीत. एकदाही नाही. पण चौथ्या रविवारी कारखान्यातून त्यांनी लाकडाची एक फळी आणली. तिला सहा भोकं, एकसारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि भोकांत बरोबर बसतील अशा सहा खुंट्या. अंड्याचा ट्रे तोवर फाटला होता. लुई ब्रेलचे वडील घोड्यांचं जीन-सामान बनवायचे. मुलाला अक्षरं चाचपता यावीत म्हणून त्यांनी लाकडात खिळे ठोकून अक्षरं करून दिली, असं सांगतात. ही गोष्ट मी त्यांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात दुसरी फळी आली, यात तीन घरं शेजारी शेजारी होती.

जे मी चुकले

पाचव्या रविवारी धाकटी माझ्याशी बोलेना. दोन तास माळ्याखाली बसून राहिली. आईला वाटलं बरं नाही. मग कळलं. अक्कानं तिची वही वाचली होती.

शाळेतून आणलेल्या गठ्ठ्यात गृहपाठ होता तशी तिची स्वतःची वहीही होती. मैत्रिणीशी झालेलं भांडण, एका बाईंबद्दलचा राग, आणि घरातल्यांबद्दल काही, ते काय हे मी विचारलं नाही. पाच वर्षं ती वही उघड्यावर, खाटेखाली पडलेली असायची. कुलपाची गरजच नव्हती, कारण ती वाचू शकणारं त्या घरात कुणी नव्हतं. ब्रेल हे तिचं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली मी तिला न विचारता सगळ्या घरात वाटली होती.

अक्काचा दोष नव्हता. पंधरा वर्षांची पोरगी, नवी लिपी शिकल्यावर दिसेल ते वाचत सुटली होती. चूक माझी होती. कुटुंबानं शिकलं की मुलीचं भलं होतं, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की मुलीला काही गमवावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. दिसणाऱ्या मुलीच्या वहीबद्दल मी असा विचार केला असता का? अंध मुलीची वहीही वही असते, हे मला त्या दिवशी उमगलं.

मी धाकटीची माफी मागितली. घरात ठराव झाला : वडिलांनी एक लहान पत्र्याची पेटी आणायची, किल्ली धाकटीच्या गळ्यात, आणि टिपक्यांचा कुठलाही कागद तिनं हातात दिल्याशिवाय कुणी वाचायचा नाही. अक्कानं माफी मागितली ती तोंडी नाही. तिनं चिठ्ठी टोचून उशीखाली ठेवली. त्यात काय होतं हे मला माहीत नाही, आणि तेच बरोबर आहे.

आता कुठल्याही घरी हे काम सुरू करण्याआधी मी पहिला प्रश्न मुलाला विचारते : तुझं लिहिलेलं घरच्यांना वाचता यावं असं तुला वाटतं का, आणि कुठलं वाचता येऊ नये?

आषाढातलं पत्र

जूनमध्ये धाकटी शाळेत गेली. जाताना मी आईला पोस्टाची एक सोय सांगितली. अंधांसाठीच्या ब्रेल मजकुराला आपल्या टपालखात्यात तिकीट लागत नाही, फुकट जातो. पाकीट उघडं ठेवायचं आणि वर अंध साहित्य असं लिहायचं.

महिनाभर काही आलं नाही. मग रोप लावणीच्या ऐन धांदलीत पत्र आलं. आई दिवसभर चिखलात, संध्याकाळी हात धुऊन तिनं पाकीट उघडलं. अक्का म्हणाली, "दे, मी वाचते." आईनं दिलं नाही. चुलीजवळ दिवा घेऊन, शेजारी अक्षरांचा तक्ता ठेवून ती बसली. पहिल्या ओळीलाच अडली, एक अक्षर तक्त्यात नव्हतंच. २-६. अक्कानं लांबूनच विचारलं, पुढं काय आहे? पुढं क. मग उलगडलं. कन्नडात ए दोन आहेत, एक आखूड, एक लांब. मराठीत लिपी एकच ए मानते. धाकटीनं आपल्या कानाला एक मधला ए आखूड ऐकू आला म्हणून कन्नडचा आखूड ए टोचला होता. 'आई, तुला एक सांगते.'

तीन ओळींचं पत्र वाचायला आईला तासभर लागला. धाकटीची पाळी सुरू झाली होती. फोनवर सांगता येत नव्हतं, कार्यालयात सगळे असतात. मोठ्या मुलींनी कापड दिलं. पोट दुखतं. तू कधी येतेस.

दुसऱ्या दिवशी लावणी सोडून आई पहिल्या बसनं शहरात गेली. आठवड्यानं तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं एवढंच सांगितलं, "अक्काला वाचायला दिलं असतं तर लवकर झालं असतं. पण ते मला लिवलं होतं."

उत्तर

मग तिनं उत्तर लिहिलं, पहिल्यांदाच पाटीवर टोचून. तोवर ती वाचायलाच शिकली होती. लिहिण्याचं मी शेवटच्या रविवारी घाईत दाखवलं होतं, कारण मला वाटलं होतं की ते अक्का करेल.

पाटीवर टोचताना कागदाच्या मागच्या बाजूनं टोचतात, म्हणून उजवीकडून डावीकडं लिहायचं आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसतं तसं उलटं काढायचं, म्हणजे कागद पालथा केल्यावर सुलटं वाचता येतं. आईनं डावीकडून सुरुवात केली आणि तक्त्यात होती तशीच अक्षरं टोचली. अख्खी दोन पानं.

शाळेत धाकटीच्या हातात ते पत्र पडलं. तिला काही लागेना. शेवटच्या शब्दावर बोट ठेवून तिनं मैत्रिणींना विचारलं, हे कुणाचं नाव? आ म्हणजे ३-४-५, तो उलटला की १-२-६, म्हणजे घ. ई म्हणजे ३-५, ती उलटली की २-६, कन्नडचा आखूड ए. शब्दही मागून पुढं आला. आई चं झालं एघ.

तिला उलगडायला दोन दिवस लागले. मग ती पत्र उजव्या टोकाकडून, एकेक अक्षर मनात उलटं करत वाचत गेली. सगळं वाचलं. गरम पाण्याची पिशवी, ओवा खायचा, दसऱ्याला नेईन, घाबरू नको.

आज धाकटी आठवीत आहे. आई आता सुलटं टोचते, महिन्याला एखादं पत्र होतं. लावणीत आणि सुगीत होत नाही. अक्का बारावीनंतर विशेष शिक्षणाचा कोर्स करायचा म्हणते आहे, पण अजून ठरलेलं नाही. वडिलांना अक्षरं येत नाहीत. गेल्या दसऱ्याला त्यांनी धाकटीला फक्त आकडे शिकवायला सांगितलं, फळीवर मापं टोचून ठेवायची आहेत म्हणाले. आजी गेल्या वर्षी गेल्या. पापडाच्या डब्यावर आजी हा शब्द टिकल्यांनी लावलेला आहे, अजून कुणी काढलेला नाही.

आणि धाकटीची सगळी पत्रं अजूनही सुरू होतात ती 'प्रिय एघ' अशी.